भयकथाकाराला दिलेली सूट

स्टीफन किंगच्या '११/२२/६३' या कादंबरीबद्दल बोलताना आपल्यातील जाणकार एक वाक्य हमखास उच्चारतात : "इथे किंग भयकथेच्या वर उठला आहे." हे कौतुक नव्हे. लेखकाला दिलेली ही सूट आहे आणि ती मला मान्य नाही.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत मेन राज्यातील इंग्रजीचा शिक्षक जेक एपिंग एका खानावळीच्या कोठीतून १९५८च्या सप्टेंबरात उतरतो आणि केनेडींची हत्या टाळण्यासाठी पाच वर्षे तिथेच काढतो. आरंभी तो काळ मोहक वाटतो. रूट बीरची चवसुद्धा अधिक भरीव लागते. पुढे दक्षिणेकडे जाताना उत्तर कॅरोलिनातील एका पेट्रोल पंपावर त्याला कृष्णवर्णीयांसाठीच्या शौचालयाची पाटी दिसते. पाटीमागची वाट विषारी झुडपांतून उतरते आणि ओहोळावर टाकलेल्या एका फळीपाशी संपते. बस्स, तेवढेच शौचालय. हे दृश्य भयकथाकाराचे आहे. दार उघडायचे, आत काय आहे ते दाखवायचे आणि भाष्य टाळायचे, हे तंत्र किंग आयुष्यभर घोटत आला. ओस्वाल्डच्या बाबतीतही हेच. शेजारच्या घरात लपून ऐकणाऱ्या जेकच्या कानी पडतात ती भिंतीपलीकडची भांडणे, बायकोला होणारी मारहाण. इतिहासाचा खलनायक इथे एका कोंदट बिऱ्हाडात राहतो.

म्हणजे किंग भयाच्या वर उठलेला नाही. भयाच्याच वाटेने तो इतिहासात शिरला आहे. २००३ साली त्याला नॅशनल बुक फाउंडेशनचे पदक जाहीर झाले तेव्हा हॅरॉल्ड ब्लूम संतापले होते. त्यांचा राग निदान उघड होता. आपली सूट अधिक घातक, कारण ती सौजन्याचा आव आणते.

आणि आपली ऐतिहासिक कादंबरी? 'स्वामी'त (१९६२) रमाबाईंचे सती जाणे ज्या उदात्ततेने येते, तिथे जिवंत शरीराच्या धास्तीला जागाच उरत नाही. रणजित देसाईंच्या शैलीचा मी चाहता आहे. वर्गात ती शिकवतोही. पण चितेजवळ जाताना वाचकाच्या अंगावर काटा येऊ नये, अशी व्यवस्था ती शैली करते. हा दोष आपण गुण म्हणून शिकवत आलो. (नारायण धारपांना अभ्यासक्रमाबाहेर ठेवण्यामागेही हीच सवय असावी, असा माझा संशय आहे. असो.)

मध्यंतरी एका विद्यार्थिनीने 'भयकथाकाराचा इतिहास' हा विषय लघुप्रबंधासाठी मांडला. "भुताखेतांवर कसला प्रबंध?" असे विचारून बैठकीत सगळे हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. ती आता एका मान्यवर कादंबरीतील निसर्गवर्णनांवर लिहीत आहे. किंगची तिची प्रत अजून माझ्याकडेच आहे. पेट्रोल पंपाच्या त्या पानावर तिने पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली आहे.