तहान लागल्यावर विहीर

कोरोनाच्या साथींत, सन २०२० च्या एप्रिलांत, अमेरिकेच्या न्यू जर्सी संस्थानांत बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा लोटला. चाळीस वर्षांहून जुनी तेथील संगणकयंत्रणा त्या भारानें अडखळूं लागली. तेव्हांचे गव्हर्नर मर्फी ह्यांनीं, १९५९ सालच्या ‘कोबोल’ ह्या संगणकभाषेच्या जाणत्यांस मदतीची जाहीर हांक दिली.

जाणत्याचें साह्य मागण्यांत कमीपणा नाहीं, असें आम्हांस वाटतें. दोष आहे तो तहान लागल्यावर विहीर खणण्यांत. यंत्र जुनें म्हणून टाकाऊ ठरत नाहीं. परंतु त्याचें मर्म जाणणारे निवृत्त होत असतां तें कोणीं लिहून ठेविलें नाहीं, शिकून घेतलें नाहीं, तर गरजूंचा घांस अडतो.

विद्यार्थ्यांनो, नवी विद्या अवश्य संपादा. पण जुना जाणता आहे तोंवर त्याच्यापाशीं बसून त्याचीहि विद्या मागून घ्या.