"सर्व्हर डाऊन आहे, नंतर या"

सरकारी खिडकीवर हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस दाखवा! ऑफिसांची नेटवर्कं सांभाळणं हा माझा धंदा, त्यामुळे मला पहिली शंका हीच येते की सर्व्हर खरंच बंद आहे का?

मागे एका तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीसमोर पन्नासेक माणसं ताटकळलेली. त्यात पहाटेची एसटी पकडून आलेल्या म्हाताऱ्या. सर्व्हर भिंतीपलीकडच्याच खोलीत, व्यवस्थित चालू. बंद होतं ते बाहेरचं इंटरनेट. पण ब्राउझरला सांगून ठेवलेलं की प्रत्येक पान प्रॉक्सीमार्फतच मागवायचं, आणि प्रॉक्सी जिल्ह्याच्या गावी! शेजारच्या खोलीतला कागद आणायला शिपाई जिल्ह्याला धाडायचा, तसला प्रकार. रस्ता बंद, की कागदही बंद.

उपाय काय? विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये अपवाद लिहायची जागा असते. तिथे १९२.१६८.* एवढं टाकलं की आतले पत्ते थेट उघडतात. (१९२.१६८, १० आणि १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते खासगी नेटवर्कसाठीच राखीव आहेत. तुमच्याकडे कुठले ते बघून घ्या.) क्रोम, एज हीच यादी वाचतात. फायरफॉक्समध्ये वेगळी यादी ठेवली असेल तर ती तिथे भरावी लागते.

आमचे बरेच भाऊबंद काय करतात, तर 'लोकल पत्त्यांसाठी प्रॉक्सी वापरू नका' या चौकटीत टिक मारतात आणि चहाला जातात. ती टिक फक्त टिंब नसलेल्या नावांना लागू होते. १९२.१६८.१.१० मध्ये तीन टिंबं आहेत, राव! काही महाभाग तर यादीत नुसता * टाकतात, म्हणजे सगळंच प्रॉक्सीला वळसा घालून जातं. मग ती बसवली कशाला?

शिव्या मात्र खिडकीतल्या क्लार्कताई खातात. त्यांना सेटिंग बदलायचा अधिकारही नसतो. देखभालीचं कंत्राट ज्याचं, जबाबदारी त्याची, आणि बिलावर सही करणाऱ्या साहेबांचीही.

साहेबांना एकच विनंती. पुढचं बिल समोर आलं की इंटरनेटची वायर काढायला लावा आणि कंत्राटदाराला म्हणा, आता एक केसपेपर काढून दाखव. निघाला तरच सही करा.