आम्ही बरे व्हायला नाही, दर्शनाला येतो

पांढुर्णा-सौंसरच्या भाविकांनो, विश्वस्तांनो,

श्रावणात एका देवळापुढे मी माझ्या तीनचाकीवर रांगेत होते. मांडीवर नारळ आणि ओटीचा खण. एका बाईने नारळाशेजारी दोन रुपयांचं नाणं ठेवलं अन् ती पायऱ्या चढून आत गेली. तिच्या मनात दयाच होती. पण त्या रांगेत तिला मी भक्त दिसलेच नाही. माझा नारळ दुसऱ्याने आत नेला. मी बाहेरूनच हात जोडले.

जामसावळीला लोक दुरून आजारी माणसं घेऊन येतात, मारुतीच्या नाभीतलं पाणी तीर्थ म्हणून घेतात. त्या श्रद्धेला मी बोल लावत नाही. पण ज्याचा पाय परत येणार नाही, त्याने देवाकडे यायचंच नाही का? गुण आला नाही की ‘श्रद्धा कमी पडली’, ‘मागच्या जन्मीचं पाप’ म्हणता, ते आधी थांबवा.

इंद्राच्या वज्राने हनुवटी भंगली, म्हणून तो हनुमान. जामसावळीचा मारुती तर निजलेला आहे. देव निजून दर्शन देतो, मग भक्त बसून आला तर अडचण कसली? पैठणचा कूर्मदास हातपाय नसताना लोळत पंढरीला निघाला. लऊळला त्याचं बळ सरलं, तेव्हा विठोबाच तिथे आला. वारकऱ्यांनी जपलेली ही गोष्ट भेटीची आहे, इलाजाची नाही.

आम्हाला ‘दिव्यांग’ म्हणता, आणि देवाच्या दारात पायऱ्याच ठेवता! २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात धार्मिक इमारतीही सार्वजनिक इमारतींत धरल्या आहेत. जुन्या इमारती सुगम करायची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्येच संपली. मंदिर असो, चर्च, मशीद की विहार, कोणालाच सूट नाही. जामसावळीला ‘हनुमान लोक’ या मंदिर-परिसराचं बांधकाम चाललंय, तर उतार आत्ताच धरा: एक फूट चढाला बारा फूट लांबी, दोन्ही बाजूंना कठडा. नंतर फोडाफोड नको.

आणि उतार करून मोकळे होऊ नका. समितीत आमचा माणूस घ्या. कीर्तनाला खुणांची भाषा जाणणारं कोणी उभं करा. आंधळ्या पोराला पेटीवर बसवा, नुसतं कौतुकाला नाही, दर एकादशीला. भंडाऱ्यात आमचं पान चपलांजवळ वेगळं मांडू नका, पंगतीत मांडा. वाढायलाही बोलवा. तीनचाकीवर बसून वरण वाढता येतं.

— सौंसर तालुक्यातील एक दिव्यांग भक्त