वॅटचे दोन हिशेब

जबलपूरच्या रामपूर भागातल्या शक्ती भवनातून एके काळी अख्ख्या मध्य प्रदेशचा वीजकारभार चाले. पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे मुख्यालय आजही तिथेच आहे, आणि 1947 पासून शहरात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. वीज जाणणाऱ्यांची इथे वाण नाही. तरीही उन्हाळ्यात बिल फुगले की घरोघरी संशय येतो तो मीटरवर, नाहीतर इस्त्रीवर. याचे मूळ एका गल्लतीत आहे असे मला वाटते. उपकरणाच्या वॅटवरून दोन वेगळे हिशेब निघतात. वॅटला तासांनी गुणून हजाराने भागले की युनिट मिळतात, त्यावर बिल ठरते. वॅटला 230 व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात, त्यावर वायर तापणार की नाही ते ठरते. आपण एका हिशेबाची भीती दुसऱ्याला लावतो.

इस्त्री हजार वॅटची, म्हणून ती खर्चिक वाटते. पण रोज पाव तास वापरली तर महिन्याला साडेसात युनिट. उलट 200 वॅटचा कूलर रोज बारा तास चालला तर 2.4 युनिट, आणि 75 वॅटचे तीन जुने पंखे तेवढाच वेळ फिरले तर 2.7 युनिट. हे झाले दिवसाला 5.1, महिन्याला 153 युनिट. फ्रिज आणि दिवे अजून धरलेलेच नाहीत. राज्याच्या अटल गृह ज्योती योजनेत वापर 150 युनिटांच्या आत असेल तरच पहिले 100 युनिट 100 रुपयांत मिळतात. म्हणजे कूलर आणि पंख्यांच्या वापरातच सवलत हातची जाते. त्या घराला इस्त्री कमी करा हा सल्ला काय कामाचा? तेच तीन पंखे 30 वॅटचे, बीएलडीसी मोटारीचे घेतले तर महिन्याला सुमारे 48 युनिट वाचतात. कुठे पैसे घालायचे हे एवढ्या गुणाकाराने कळते.

दुसरा हिशेब चुकला तर नुकसान पैशांपुरते राहत नाही. पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड वीस मिनिटे लावला तर अर्धा युनिट जळतो, बिलात तो जाणवतही नाही. पण रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, आणि आपण तो 6 अँपिअरच्या सॉकेटमध्ये खुपसतो. स्वयंपाकघरात एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर 2000 वॅटचे इंडक्शन आणि 1500 वॅटची किटली एकदम लावली तर प्रवाह पंधरा अँपिअरच्या वर जातो. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. एमसीबी पडेल, असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: 16 अँपिअरचा एमसीबी पंधरावर पडत नाही. तो भिंतीतल्या वायरिंगसाठी बसवलेला असतो. बोर्डाची बारीक वायर वितळते आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही.

उपकरणावर लिहिलेले वॅट खरे नसतात, हा आक्षेप रास्त आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो, म्हणून त्याच्या बाबतीत स्टार लेबलवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा धरावा. मोटारीवर चालणारी उपकरणे साध्या भागाकारापेक्षा जास्त करंट घेतात, सुरू होताना तर कितीतरी पट. तिथे हिशेब चढाच धरावा. बाकी शंका मीटरच फेडतो. त्यावर 3200 इम्प असे लिहिले असेल तर दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. बाकी सगळे बंद ठेवून एकटा कूलर लावला आणि मिनिटाला साधारण अकरा लुकलुक मोजल्या, तर तो 200 वॅटच घेतो आहे. स्मार्ट मीटर आल्यावर याची गरज उरणार नाही असेही सांगितले जाते. पण स्मार्ट मीटर घराची बेरीज दाखवतो. त्यातला कूलरचा वाटा किती आणि कोणता बोर्ड तापतो आहे, हे तो सांगत नाही.

हा सगळा भार ग्राहकावरच का, असे कोणी विचारले तर ते बरोबरच आहे. वितरण कंपनीने एप्रिल ते जूनच्या बिलामागे कूलर, पंखा, फ्रिज यांचे तासागणिक युनिट हिंदीत छापावेत, 150 ची मर्यादा दिवसाला पाच युनिट अशी मांडावी, आणि एक्स्टेन्शन बोर्डवर काय लावू नये हेही त्याच कागदावर सांगावे. बिल छापले जातेच. त्याची मागची बाजू वापरायला कोणत्याही नव्या योजनेची वाट पाहावी लागत नाही.