चौपट परतफेड

उपवासकाळ लागला की मटण-मासळी सोडायची चर्चा घरोघर रंगते. सोडावी, जरूर सोडावी. पण लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कयाने काय सोडलं तेही एकदा पाहा. हा यरीहोचा मुख्य जकातदार, गावाने ओवाळून टाकलेला. येशू घरी आल्यावर त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं. नुसत्या दानावर त्याने वेळ मारून नेली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. आपण दानपेटीत नोट सरकवतो आणि धुणंभांडी करणाऱ्या मावशींचे दोन खाडे मात्र न विसरता कापतो!

नुसत्या दानावर न थांबणाऱ्या पंडिता रमाबाईंनीही १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका केडगावला आणल्या. अन्न दिलंच, शिवाय हाताला कसब दिलं. पुढे रमाबाईंनी भाषांतरित केलेल्या मराठी बायबलच्या छपाईचे खिळे तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच जुळवले. दयेला अशी कामाची जोड हवी.

म्हणूनच या अंकात परिचारिका, शेतकरी, किराणा दुकानदार असे कामाची माणसं लिहिताहेत. दुकानदाराचा लेख आधी वाचा. माप मारायला पारड्याखाली चिकटवलेली चिंच त्याने स्वतःच्या वडिलांच्या काट्यावरून कशी काढली, ते त्यात आहे.