कोयता दिसला तर धरा, गाण्याला कशाला धरता?

परवा एका ज्येष्ठांनी मेसेज केला, "मलकापुरात पोरं रॅप का काय ते करत्यात, पेपरात जरा झोडा की." झोडतो, पण कुणाला ते बघू.

पोरं ऐकतात ते 'ड्रिल'. २०१० च्या सुमारास शिकागोच्या दक्षिण भागात, टोळीयुद्धाच्या वस्त्यांत ते सुरू झालं. तिथून लंडनला गेलं, तिथं त्याला घसरत जाणारा जड बास मिळाला आणि आता ते आपल्या पोरांच्या इयरफोनात आलंय. पुण्यातून मराठीत रॅप होतं, अमरावतीचा १०० आरबीएच वऱ्हाडीत करतो. मग आपल्या बोलीनंच काय घोडं मारलंय?

एप्रिल २०२३ आठवा. एकाच महिन्यात तीन रॅपरवर गुन्हे दाखल झाले. राज मुंगासेवर 'खोक्यां'च्या गाण्यावरून, उमेश खाडेवर जनतेच्या हालावरच्या गाण्यावरून आणि शुभम जाधववर पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत तलवार, पिस्तूल, दारूची बाटली मांडून व्हिडिओ केला म्हणून. आता सांगा, ही तिन्ही प्रकरणं सारखी आहेत का? तिसऱ्यात शिस्तीचा प्रश्न आहे, मान्य. पहिल्या दोघांनी फक्त शब्द वापरले होते. पण चर्चेत सगळे एकाच पोत्यात, 'हल्लीची पोरं' म्हणून!

लंडनमध्ये २०१८ साली एका ड्रिल गटाला कोर्टानं बजावलं, गाणं टाकलं की २४ तासांत पोलिसांना कळवा. तिथंही वाद झालाच, गुन्हा रोखताय की गाणं?

आणि आपण कुठल्या मातीतले? पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, शाहीर साबळे पसरणीचे. अण्णाभाऊंच्या कलापथकावर सरकारनं बंदी घातली होती, आज त्याच अण्णाभाऊंच्या जयंतीला सगळे पक्ष हार घेऊन उभे असतात. तमाशातला सवाल-जवाब तरी काय होता? दोघं समोरासमोर, शब्दाला शब्द, हरला त्यानं खाली बसायचं. (डीजेच्या भिंती लावून वाढदिवस करणाऱ्यांना मात्र कुणी संस्कृती शिकवत नाही.)

पोरांनाही सांगायचंय. रीलमध्ये कोयता नाचवला तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा होतो आणि तो नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत पुढं येतो. भरतीची तयारी करणाऱ्या पोराला हे परवडणारं नाही. शिवाय शिकागोतली टोळी तुमची नाही, ती उसनी कशाला आणता? हायवेच्या कामात वर्षानुवर्षं अडकणारी ट्रॅफिक, उसाचं थकलेलं बिल, एमपीएससीचा चौथा अटेम्प्ट, यावर लिहा. ते ऐकायला मी पहिल्या रांगेत येतो.

येत्या गणपतीत एखाद्या मंडळानं डीजेऐवजी एक रात्र या पोरांना द्यावी. माईक, स्पीकर आणि दहापर्यंतची परवानगी, बाकी काही लागत नाही. कोणतं मंडळ तयार आहे, कमेंटमध्ये सांगा. माझी वर्गणी त्याच मंडळाला.