मैदानावरची जागा



गडहिंग्लजला एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर कोल्हापूरचा फुटबॉल संघ उतरला, की मुलाबाळांना घेऊन जा. नुसता चेंडू पाहू नका, जोड्या पाहा. त्यांचा स्ट्रायकर आणि आपला स्टॉपर. त्यांचा विंगर आणि आपला फुलबॅक. २४ फुटांच्या गोलात गोलकीपर एकटा. सामना या जोड्यांतच ठरतो.

पण जागा कशावर मिळते? क्रिकेटमध्ये पी. बाळूंसारख्या थोर गोलंदाजाला जातीपायी हिंदू संघाचे कप्तानपद नाकारले गेले; १९२३ साली ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

म्हणून मुलामुलींना पहाटे सरावाला धाडा. जागा कष्टाने मिळवू द्या. तरीही यादीत नाव नसेल, तर कारण विचारायला कचरू नका.